मुखरू गार्डाची चूल

मुखरूभाऊ स्वतःच्या घरात शिरतानासुद्धा मोठ्यानं खाकरायचे. पहिलं खाकरणं फाटकापाशी, दुसरं ओसरीच्या पायरीवर. त्यांच्या बायकोला, अनुसयाबाईंना, त्याची इतकी सवय होती की पहिलं ऐकलं की त्या चहाचं आधण ठेवत आणि दुसऱ्याला कप काढत. मी त्यांच्याकडे भाड्यानं राहायला गेले तेव्हा सुरुवातीला मला वाटलं, यांना दमा असावा. शेवटी विचारलंच.

"जंगलात आपुन येऊन राह्यलो हे आधी सांगा लागते, मॅडमबाई," ते म्हणाले. "अचानक समोर गेलो तर त्याले राग येते. घरच्यायलेही येते."

त्याले म्हणजे वाघाला. 

सिंदेवाहीपासून जंगलाच्या अंगानं आत गेलं की ते गाव लागतं. धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, एक तलाव आणि तीन बाजूंनी झाडं. कृषी सहायक म्हणून माझी ती पहिली नेमणूक. मुखरूभाऊ वनरक्षकाच्या नोकरीतून निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण गाव त्यांना गार्डसाहेबच म्हणे. अंगावर दिवाळी ते होळी खात्याचा खाकी लोकरी स्वेटर, कोपरांवर अनुसयाबाईंनी लावलेली ठिगळं. माणूस काटक, ओठ सदा मिटलेले. सगळी नोकरी पंचनामे आणि जबाब लिहिण्यात गेल्यामुळे त्यांच्या बोलण्यात सरकारी मराठी झिरपली होती. जेवताना म्हणत, "सदर वांगं कच्चं हाय." शेजाऱ्याची म्हैस अंगणात आली तर, "मौजा आपल्या घरी जा." हे ते विनोदानं म्हणत नसत. त्यांना ते वेगळं वाटतच नसे.

गावात त्यांचा वचक होता, आणि त्यामागे जुना राग होता. नोकरीत असताना त्यांनी गावातल्या जवळजवळ प्रत्येक घरचा विळा नाहीतर कुऱ्हाड जप्त केलेली. ओलं झाड तोडलेलं दिसलं की ते कोणाचं तोंड बघत नसत. स्वतःच्या चुलतभावाच्या बैलगाडीवर त्यांनी गुन्हा नोंदवला होता, असं लोक सांगत. मी खरं-खोटं विचारलं तर म्हणाले, "दोन गाड्या व्हत्या. लोकं एकच सांगते."

असा माणूस म्हातारपणी लाकूड जाळायचा धंदा करील असं कोणाला वाटलं नव्हतं.

घरामागच्या उंचवट्यावर त्यांनी पॉलिहाऊस उभारलं होतं. आत भाजीपाल्याची रोपं तयार करायची आणि शेतकऱ्यांना विकायची. आमच्याकडे वैनगंगेच्या काठावर, सावली तालुक्याच्या बाजूला, नदीचं पाणी ओसरलं की रेतीत डांगराचे, म्हणजे खरबुजाचे, वेल लावतात. लवकर लावले तर लवकर फळ. पण डांगराचं बी थंडीत उगवत नाही, आणि जंगलालगतची पौषातली थंडी अशी की सकाळी पॉलिहाऊसच्या प्लास्टिकवर आतून पाणी ठिबकत असे. म्हणून मुखरूभाऊंनी नागपूरच्या एका वर्कशॉपकडून लाकडावर चालणारा बॉयलर बनवून आणला. माणसाएवढ्या उंचीचं लोखंडी पिंप, खाली जाळ घालायचं तोंड, वर धुराडं. जाळानं पाणी तापायचं आणि ते गरम पाणी रोपांच्या ट्रेखालच्या नळ्यांमधून फिरायचं. दिवस मावळला की ते जाळ घालत, पहाटे पुन्हा. सकाळी आत पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरायची. बाहेर बांधीवर धुकं आणि आत दोन-दोन पानांची हिरवी डांगरं, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या ऑफिसमधल्या सगळ्यांना फोन करून सांगितलं होतं.

तिथं रोजानं कामाला येणाऱ्या गावातल्या बायका त्याला बॉयलर म्हणत नसत. गार्डाची चूल म्हणत.

त्या चुलीला काय घालायचं याचे नियम होते. राइस मिलचा धानाचा कोंडा, तुराट्या, कोरपन्याकडून ट्रकनं येणारी कापसाची पऱ्हाटी, आरा मशीनवरचे पावतीसह आलेले तुकडे, आणि बांधावरची घाणेरी, जी उपटली तर जंगलालाही बरं. जंगलाची एक काडी नाही. कोणी मोळी आणली की ते फाटकातच उभे करत. "कुठची हाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. उत्तर पटलं नाही तर मोळी परत. एकदा त्यांचे जावई ट्रॅक्टरभर सागाच्या फांद्या घेऊन आले. सासऱ्याला आनंद होईल असं त्यांना वाटलं होतं.

"पास दाखवा," मुखरूभाऊ म्हणाले.

जावई हसले. मुखरूभाऊ हसले नाहीत. त्यांनी ट्रॉलीभोवती एक फेरी मारली, एका फांदीच्या तोडावर अंगठा फिरवला आणि खिशातून फोन काढून बीटच्या गार्डला लावला. "सदर माल विनापास हाय. येऊन पाय," म्हणाले. जावयांनी ट्रॅक्टर वळवला तो थेट गावाबाहेर. त्या दिवाळीला मुलगी माहेरी आली नाही. अनुसयाबाईंनी करंज्या केल्या आणि डब्यात तशाच ठेवल्या. मुखरूभाऊ ओसरीवर एकटे बसून जेवले, ताट स्वतः धुतलं आणि जाळ घालायला गेले.

हे सगळं कशासाठी, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. आम्ही ट्रेमध्ये बी टाकत होतो. समोर बायका बसल्या होत्या, त्याच बायका ज्यांना एकेकाळी त्यांनी जंगलातून हाकललं होतं.

"मी यायचे विळे घेतले," ते हळू म्हणाले. "नोकरी व्हती, घेतले. पण घेतल्यावर यायनं पोट कायनं भरायचं, हे कोणी सांगतलं नाई. हिवाळ्यात इथी काम भेटलं तर बाई कायले जाईन जंगलात?"

म्हणजे ती चूल त्यांनी बायकांना जंगलाबाहेर ठेवायला पेटवली होती.

बायकांमध्ये वच्छलाबाई होती. चाळिशीची, उंच, हात असे चालत की इतरांचा एक ट्रे भरेपर्यंत तिचे दोन. मुखरूभाऊंना तोंडावर चिडवायची हिंमत गावात तिच्या एकटीत होती. सुटीची वेळ झाली की ती उभी राहून गंभीर चेहऱ्यानं सांगायची, "सदर बाई घरी जाऊन राह्यली हाय. सदर नवऱ्याले भूक लागली हाय." सगळ्या बायका तोंडाला पदर लावत. मुखरूभाऊ मान खाली घालून झारी हलवत राहत. मी एकदा नीट पाहिलं, ते हसत होते. तिचा नवरा चरणदास म्हणजे कमी बोलणारा माणूस, दोन बांध्या आणि चार बकऱ्या. संध्याकाळी तो तिला घ्यायला यायचा आणि बॉयलरच्या तोंडाशी हात शेकत उभा राहायचा. मुखरूभाऊ आणि तो, दोघंही न बोलता जाळ पाहत. दोघांना ते बरं वाटत असावं.

माझ्या तिथल्या दुसऱ्या हिवाळ्यात, भर पौषात अवकाळी पाऊस आला. नुसता पाऊस नाही, वारा. कोंड्याच्या शेडचे पत्रे उडून तलावाच्या पाळीवर पडले आणि वर्षभराचा कोंडा, तुराट्या, सगळं भिजून लगदा झालं. विजेचे खांब पडल्यामुळे मिल बंद, रस्त्यावर झाडं पडल्यामुळे पऱ्हाटीचा ट्रक अडलेला. पाऊस थांबला, आभाळ स्वच्छ झालं आणि मागोमाग थंडी उतरली. अशी थंडी मी त्या भागात पुन्हा पाहिली नाही. डांगरं नुकतीच वर आली होती.

मुखरूभाऊंनी आधी अंगणाचं बांबूचं कुंपण जाळलं. मग जुन्या खाटेचा सांगाडा. मग गोठ्याचं दार. अनुसयाबाईंनी गाय घरात आणून बांधली. ओला कोंडा टाकला की नुसता धूर व्हायचा आणि नळ्या गार पडायच्या. कडेच्या ट्रेमधली रोपं माना टाकायला लागली.

त्या दुपारी आम्ही सगळे पॉलिहाऊसमध्ये होतो. वच्छलाबाई बाहेरच्या उघड्या पडलेल्या शेडकडे बघून म्हणाली, "गार्डसाहेब, आता काय जाळता? आमालेच टाका चुलीत."

कोणी हसलं नाही.

"आमी आणतो ना सुकं," ती म्हणाली. या वेळी थट्टा नव्हती. "उद्या सकाळी जातो चौघीजणी. मोळी मोळी आणली तरी दोन दिस निंगते. तवरोक टरक येईन."

मुखरूभाऊ रोपांकडे पाहत होते. एका ट्रेवर त्यांनी हात ठेवला, जसा तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"सुकंच आणजा," ते म्हणाले. "वलं चालत नाई."

कुठून आणणार, हे त्यांनी विचारलं नाही. वच्छलाबाई क्षणभर थांबली. ती त्या प्रश्नाची वाट पाहत होती, असं मला वाटतं. गावातलं सगळं सरपण पावसानं भिजलेलं होतं. सुकं लाकूड फक्त तलावापलीकडच्या दाट जंगलात, मोठ्या झाडांच्या आडोशाला मिळणार, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. आणि तलावापलीकडे पिल्लं असलेली वाघीण आहे, तिकडे कोणी जाऊ नये, असं वन विभागाची गाडी त्याच आठवड्यात भोंग्यावरून ओरडत गावातून फिरून गेली होती.

"बरं," वच्छलाबाई म्हणाली.

सकाळी ऊन पॉलिहाऊसवर आलं होतं. मुखरूभाऊ बॉयलरची राख ओढत होते. चौघींपैकी कौसाबाई पाळीवरून धावत येताना दिसली. पायात चप्पल नव्हती.  जवळ येऊन ती खालीच बसली आणि म्हणाली, "वच्छलेले नेलं."

मुखरूभाऊंच्या हातातला राख ओढायचा गज तसाच राहिला. तो घेऊनच ते पळाले. गावातली माणसं हाळ्या देत, काठ्या आपटत मागून निघाली, पण ते सगळ्यांच्या पुढे होते, आणि त्या दिवशी ते खाकरले नाहीत.

आम्ही बायका पाळीवर थांबलो. इतर दोघी पोचल्या होत्या. एकीच्या डोक्यावर मोळी तशीच होती, उतरवायचं तिला सुचलं नव्हतं. कौसाबाईनं ती उतरवली.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा माणसं परतली. बांबूच्या तट्ट्यावर तिला आणलं. वर खाकी स्वेटर पांघरलेला, तो फक्त छातीपर्यंत पुरला होता, खाली कोणाचं तरी धोतर. मुखरूभाऊ बनियनवर चालत होते. चरणदास तट्ट्याच्या एका बाजूला हात लावून होता. दुसऱ्या हातात तिची मोळी होती. का आणली होती कोण जाणे. त्याच्या हाताला ती लागली असावी आणि सोडता आली नसावी.

पंचनामा शाळेच्या अंगणात झाला. बीटवर नवी वनरक्षक होती, पंचविशीची मुलगी. मुखरूभाऊंना ती काका म्हणे. ती विचारत होती की बाई तिकडे कशाला गेली होती. गर्दीतून एक जण म्हणाला, शेण वेचाले. दुसरा म्हणाला, बकरी हरपली व्हती. राखीव जंगलात गेल्याचं लिहिलं तर घरच्यांची सरकारी मदत अडेल, या भीतीपायी दिलेली ती खोटी उत्तरं होती, हे त्या मुलीलाही माहीत होतं. ती लिहायला लागली.

"थांब," मुखरूभाऊ म्हणाले. "मी सांगतो, लिव."

आणि त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. आवाज नेहमीचाच, कोरडा. "सदर महिला ही माझ्या सांगण्यावरून, माझ्या बॉयलरकरिता, राखीव वनात सरपण आणण्यास गेली होती. सदर क्षेत्रात वाघीण असल्याची मला पूर्वीपासून माहिती होती."

मुलीचा पेन थांबला. "काका, हे लिहिलं तर तुमच्यावर गुन्हा होईल."

"होऊ दे."

सरपंचांनी त्यांचा दंड धरला. "गार्डसाहेब, काऊन बिघडवून राह्यले? घरच्यायची मदत अडकन ना."

"नाई अडकत. मी पाहतो," मुखरूभाऊ म्हणाले. मग त्या मुलीकडे वळले. "ती चोरी कराले गेली, असं तुह्या कागदात नाई याले पायजे. तिची चूक नाई. माही हाय. लिव."

तिनं लिहिलं. मुखरूभाऊंनी सही केली आणि मागे वळून पाहिलं. चरणदास भिंतीला टेकून बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

मदत अडकली नाही. मुखरूभाऊंनी त्यासाठी जुन्या साहेबांचे उंबरे झिजवले, हे मला त्या वनरक्षक मुलीकडून कळलं. त्यांच्यावर गुन्हा मात्र नोंदला गेला. कोर्टाच्या तारखेला ते सिंदेवाहीला जात तेव्हा बसमध्ये लोक त्यांना जागा देत नसत.

तेरवीनंतर एका सकाळी चरणदास ती मोळी घेऊन फाटकापाशी आला. मी ओसरीवर होते. त्यानं ती खाली ठेवली, दोर नीट केला.

"हे तुमचं हाय," तो मुखरूभाऊंना म्हणाला. "तुमच्यासाठी आणलं व्हतं तिनं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. तो गेला आणि त्यानंतर मुखरूभाऊंशी एक शब्द बोलला नाही.

बॉयलर त्या दिवसापासून पेटला नव्हताच. ट्रक आला होता, पऱ्हाटी उतरवून गेला होता, मिल सुरू झाली होती. पण मुखरूभाऊंनी जाळ घातला नाही. मी पॉलिहाऊसमध्ये गेले तर सगळी रोपं ट्रेवर आडवी, शिजवल्यासारखी काळपट. सावलीकडचे डांगरवाले टेम्पो घेऊन आले आणि रिकामे परतले. एक म्हातारा शेतकरी फाटकात उभा राहून खूप बोलला. त्याचं वर्ष गेलं होतं. मुखरूभाऊ हात बांधून ऐकत राहिले.

"भाऊ, आता पेटवा ना," मी म्हणाले. "मिरचीचं बी अजून टाकता येईल. बायकांना काम नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"सारी नोकरी विचारलं, मॅडमबाई. कुठची हाय, कुठून आणली. लेकीच्या नवऱ्याले विचारलं. त्या दिशी नाई विचारलं. कारण मले ठाऊक व्हतं. विचारलं असतं तर ती खरं बोलली असती. मंग मले नाई म्हणा लागलं असतं."



ते रोज संध्याकाळी चरणदासच्या घरी जायला लागले. ओट्यावर बसत. चरणदास मागच्या दारानं बाहेर निघून जाई. मुखरूभाऊ अंधार पडेपर्यंत बसून परत येत. अनुसयाबाई एकदा मला म्हणाल्या, "कायले जाते, मी विचारत नाई. गेले नाई तर जेवत नाई." फाटकापाशी ती मोळी पडूनच होती. अनुसयाबाई झाडताना तिच्या भोवतीनं झाडत. पुढच्या पावसाळ्यात तिला वाळवी लागली.

उन्हाळ्याच्या वादळात पॉलिहाऊसचं प्लास्टिक फाटलं आणि कोणी बदललं नाही. काम नाही म्हणून बायका पुन्हा जंगलात जायला लागल्या. आधी चौघी-पाचजणी, मग गावातल्या बऱ्याच. मोह, डिंक, सरपण, जे मिळेल ते. वर्षभरात आणखी एक बाई वाघाच्या तोंडी गेली, तलावाच्या त्याच अंगाला. माझी बदली कोरपन्याला झाली तेव्हा मुखरूभाऊंनी माझी पेटी बसपर्यंत उचलून नेली आणि बस सुटेपर्यंत उभे राहिले. 

दोन-तीन वर्षांनी सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्रात आमचं प्रशिक्षण होतं. एक सकाळ मोकळी मिळाली तशी मी गावात गेले. हिवाळाच होता. अनुसयाबाई खूप थकल्या होत्या. मला पाहून त्यांनी आधण ठेवलं.

"थे घरी नाई," त्या म्हणाल्या. "पाळीवर असन. बायकायसंग जाते रोज."

मी पाळीवर गेले. धुकं निवळत होतं. पंधरा-वीस बायका एका मागोमाग एक उभ्या होत्या, कमरेला पदर खोचलेले. सगळ्यांच्या पुढे मुखरूभाऊ. स्वेटर दुसरा होता, निळा, बाजारचा. एका हातात तेलाचा रिकामा डबा, दुसऱ्यात लाकडी दांडी. पाठ वाकली होती. मी हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं, ओळखलं, हात वर केला आणि पुन्हा पुढे तोंड केलं. पण निघाले नाहीत.

कौसाबाई रांगेतून माझ्याजवळ आली. माझा हात धरून तिनं बदलीचं, लग्नाचं विचारलं.

"निघत का नाहीत?" मी विचारलं.

"मांगं चालनारा अजून आला नाई ना." तिनं गावाकडे बोट दाखवलं. "तो आल्याबगर हे निंगत नाई."

बांधावरून चरणदास येत होता. केस पार पांढरे झालेले, हातात जाड काठी. तो आमच्या शेजारून गेला, माझ्याकडे पाहून मान हलवली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. कोणी त्याला काही सांगितलं नाही.

"बोलतात का आता दोघं?" मी हळूच विचारलं.

"कायचं बोलते माय. एक शब्द नाई." कौसाबाईनं डोक्यावरची चुंबळ नीट केली. "चरणदासभाऊ एक दिस आपल्या मनानं आला न् मांगं उभा राह्यला. तवापासून येते."

ती धावत जाऊन रांगेत मिसळली. रांग हलली. मुखरूभाऊ झाडीत शिरले, त्यांच्यामागे एकेक करून बायका, आणि सगळ्यात शेवटी चरणदास, दर काही पावलांनी मागे वळून पाहणारा. मग पाळीवर मी एकटीच उरले.

आत कुठेतरी डबा वाजला. थोडं थांबून, बरंच मागून, काठी दगडावर आपटल्याचा आवाज आला. पुन्हा डबा. पुन्हा काठी. ऊन वर येईपर्यंत ते ऐकू येत होतं.